सतरा पत्त्यांचा सांधा

६ जानेवारी

ती. दादास,

वाकून नमस्कार केला असं समज. कंबर धरली आहे, म्हणून प्रत्यक्षात उभ्यानेच केला.

फोनच करणार होते. पण तुझ्याशी फोनवर बोलायचं म्हणजे मी घसा फोडायचा, तू नुसतं "हां हां" म्हणायचं आणि शेवटी वहिनीने मला सगळं पहिल्यापासून विचारायचं. छिन्नी-हातोड्याने तुझे कान नेले, तेव्हा आता वाच.

एक तारखेपासून मी किल्ल्याची व्यवस्थापक झाले! बावीस वर्षांपूर्वी ज्या दालनात चहाचा ट्रे घेऊन थरथरत शिरले होते, त्याच दालनाच्या किल्ल्या आता माझ्या कमरेला आहेत. अध्यक्षांनी विश्वस्तांसमोर माझं नाव पुकारलं तेव्हा आचाऱ्याने स्वयंपाकघरातून पळी वाजवली म्हणे. मला काही ऐकू आलं नाही, माझ्याच कानात ढोल वाजत होते.

तू इथे होतास तेव्हापेक्षा आता कामाची घडी बसली आहे. महिन्याला पाच-सहा परिषदा होतात. फार मोठ्या नाहीत, तीस-चाळीस माणसं. डोळ्यांचे डॉक्टर येतात, शब्दकोशवाले येतात, मागच्या महिन्यात मधमाश्यांवर संशोधन करणारे आले होते आणि तीन दिवस एकमेकांशी भांडून हसत गेले. मोठ्या हॉटेलात माणसं एकमेकांना चुकवतात. इथे जिना एकच, तोही अरुंद, त्यामुळे चुकवायची सोय नाही. एप्रिलमध्ये पूल बांधणारे चाळीस इंजिनिअर येणार आहेत. माझ्या कारकिर्दीतली पहिली मानाची परिषद.

तिच्यासाठी मी पहिलं काम काय केलं असेल? पूर्वेच्या भिंतीवरचा तो जुनाट पिवळा रंग खरवडून काढायला लावला. आतला दगड असा देखणा निघाला की बघतच राहावं. फक्त खिडकीच्या शेजारून खाली एक लांबलचक भेग निघाली, कुणीतरी वरवर लेप फासून झाकलेली. तपासणीसाठी एक तरुण इंजिनिअर आलाय. दिवसाढवळ्या टॉर्च घेऊन फिरतो, म्हणून आम्ही त्याचं नाव टॉर्चच ठेवलंय. त्याने भेगेवर काचेच्या तीन पट्ट्या चिकटवल्या आहेत. भिंत हलली की काच फुटते म्हणे. तो म्हणाला, "हे काम ज्या कुणी केलं त्याला गवंडी म्हणू नये." मी म्हटलं, माझा भाऊ इथेच गवंडी होता, जपून बोला. तर बिचारा लाल झाला.

तुला काही आठवतं का रे त्या भेगेचं?

तुझी,
भिंगरी

---

१४ जानेवारी

चि. भिंगरीस,

आशीर्वाद आहेतच, मागायला नकोत. व्यवस्थापक झालीस, ऐकून बरं वाटलं. वहिनीने शेजारच्या तीन घरांत सांगितलं, मी चौथ्या घरात सांगायला गेलो तर त्यांना आधीच ठाऊक.

माझा डावा गुडघा पुन्हा कुरकुरतोय. डॉक्टर जिने चढू नका म्हणतो. आमचं घर दुसऱ्या मजल्यावर आहे हे त्याला कोण सांगणार.

रंग खरवडायची काय गरज होती? चांगला होता. बरं, खरवडलास तर खरवडलास. त्या भेगेत सिमेंट भरू देऊ नकोस. कुणी कितीही शहाणपणा शिकवला तरी नाही. आणि खिडकीखालचं लाकडी कपाट आहे तिथेच राहू दे, हलवू नकोस.

जास्त काही आठवत नाही. फार वर्षं झाली. थंडीत कानटोपी घालत जा.

तुझा,
दादा

---

२३ जानेवारी

दादा,

तुझं पत्र आलं त्याच दिवशी तिन्ही काचा फुटल्या.

सकाळी दालन उघडलं तर काचेचे तुकडे खाली. टॉर्चने पाहिलं, मान हलवली आणि अध्यक्षांना कळवलं. भिंत हलते आहे, दालन बंद करा. दालन बंद म्हणजे परिषदा बंद, कारण चाळीस माणसं बसतील अशी दुसरी खोली किल्ल्यात नाही. भोजनगृहात वीस मावतात, तेही कोपर मिटून. अध्यक्ष म्हणाले, एप्रिलपर्यंत तोडगा निघाला नाही तर किल्ल्याला कुलूप लावायचं आणि बाहेरून बघायला येणाऱ्यांसाठी तेवढं अंगण उघडं ठेवायचं. बावीस वर्षांत मी मिळवलेलं सगळं त्या एका भेगेतून चाललंय.

आणि तू मला गुडघा सांगतोस! कानटोपी सांगतोस! रंग का खरवडलास म्हणून वर टोमणा मारतोस.

मला वाटतं, मला कळलंय. तू त्या दालनात अकरा वर्षं दगडांशी डोकं फोडलंस आणि तुला सगळ्यांनी मागच्या दारानेच आत-बाहेर करायला लावलं. मी चहा देता देता पुढच्या दाराची मालकीण झाले, ते तुला कुठेतरी खुपतंय. खुपत असेल तर तसं सांग. मी तुझी बहीण आहे, ऐकून घेईन. पण "आठवत नाही" असं म्हणू नकोस. चाळीस वर्षांपूर्वी मी तुझी भोवऱ्याची दोरी हरवली होती, ती तुला अजून आठवते.

टॉर्च म्हणतो, एकदा सिमेंट ठासून भरून बघू. पुढच्या महिन्याच्या पहिल्या सोमवारी माणसं येणार आहेत.

भिंगरी

---

२७ जानेवारी

सिमेंट भरू देऊ नकोस. सोमवार पुढे ढकल. सविस्तर लिहितो. लिहायला वेळ लागतोय, रागावू नकोस.

दादा

---

५ फेब्रुवारी

चि. भिंगरीस,

हे पत्र चार वेळा फाडलं. वहिनी म्हणाली, "भिंतीला एवढं घाबरला नाहीत कधी, बहिणीला काय घाबरता?" म्हणून आता न फाडता पाठवतोय.

ज्याला गवंडी म्हणू नये तो गवंडी मीच.

मी लागलो तेव्हाही ती भिंत तडकलेली होती. दोनदा आधी सिमेंट भरलं होतं आणि दोन्ही वेळा सिमेंट टिकलं, पण त्याच्या शेजारचा चांगला दगड फुटला. मी आणि आमचे मिस्त्री समोर बसून जेवायचो, जेवण झालं की पत्ते खेळायचो. एका हिवाळ्यात मिस्त्रींनी गंमत म्हणून भेगेत पत्ते सारले. उन्हाळ्यात पुन्हा सारले तर निम्मेच गेले. मग आमच्या डोक्यात प्रकाश पडला. ती लांब भिंत थंडीत आक्रसते, उन्हाळ्यात फुगते. तिला हलायला जागा हवी. आपण जागा बुजवतो, म्हणून ती दुसरीकडे फुटून जागा करून घेते.

साहेबांना सांगायला गेलो. त्या वेळचे साहेब शिकलेले, तापट. म्हणाले, "भिंती हलत नसतात. सिमेंट ठासून भरा." मिस्त्री त्याच महिन्यात वारले. मी एकटा उरलो. मग मी जुनं सिमेंट छिन्नीने काढलं, तेलात भिजवलेला तागाचा दोर आत बसवला आणि वरून चुन्याचा पातळ लेप दिला, सिमेंटच्या रंगाचा. साहेबांनी सगळ्यांदेखत माझी पाठ थोपटली. म्हणाले, सिमेंट असं भरावं. मी मान खाली घालून उभा राहिलो. लोकांना वाटलं विनय.

लेप दरवर्षी तडकायचा, मी दरवर्षी गुपचूप नवा द्यायचो. मी काम सोडल्यावर रंगाऱ्यांनी रंगाचे थर चढवले, झाकलं गेलं. तू रंग खरवडलास आणि मी उघडा पडलो.

कपाट का हलवू नको म्हटलं ते सांगतो. त्याच्या मागे वीतभर जागा दोराशिवाय मोकळी ठेवली आहे, मोजायला. बाजूला दगडावर दर वर्षीचे आकडे कोरले आहेत, थंडीतला आणि उन्हाळ्यातला. मोजायचं यंत्र मागितलं असतं तर साहेबांनी कशाला म्हणून विचारलं असतं, म्हणून पत्त्यांनीच मोजलं. थंडीत सतरा पत्ते जायचे, उन्हाळ्यात नऊ. एवढ्या वर्षांत एका पत्त्याचाही फरक नाही. भिंत हलते, पण जाते कुठेच नाही. पुन्हा जागेवर येते.

आता तुझ्या रागाचं. मला तुझं काही खुपत नाही, वेडे. मला भीती वाटली ती वेगळीच. तू आत्ता कुठे खुर्चीवर बसलीस. भावाने लबाडी केली आणि बहीण ती झाकते, असं कुणी म्हटलं तर तुझी बावीस वर्षं माझ्यापायी मातीत जातील. म्हणून गप्प बसलो. गप्प बसल्यानेच नुकसान होणार असेल तर हे पत्र कुणालाही दाखव.

तुझा,
दादा

---

१३ फेब्रुवारी

दादा,

आधी रडून घेतलं, मग कपाट हलवलं.

चार माणसं लागली. त्या कपाटात परिषदांच्या जुन्या पाट्या, तुटक्या खुर्च्यांचे पाय आणि कुणाची तरी छत्री होती. मागे तुझे आकडे. बारीक, सरळ, एका ओळीखाली एक. सतरा, नऊ, सतरा, नऊ. मी बोट फिरवत बसले आणि टॉर्च माझ्या शेजारी गुडघ्यांवर. त्याने टॉर्च लावला आणि एकेक आकडा वाचून काढला. मग म्हणाला, "यांना मी काय काय म्हटलं होतं, ते तुम्ही त्यांना लिहिलंत का?" मी म्हटलं, अक्षरन् अक्षर. त्याने कपाळावर हात मारला.

तुझं पत्र मी विश्वस्तांसमोर वाचलं. पूर्ण. लबाडीसुद्धा. एक शब्द गाळला नाही. तू म्हणालास ना, कुणालाही दाखव? मग दाखवलं. आणि माझी मान खाली गेली नाही, हे लक्षात ठेव.

अध्यक्षांचं म्हणणं, आकडे कुणीही कोरू शकतो. एक विश्वस्त तर म्हणाले, म्हाताऱ्या गवंड्याच्या पत्त्यांवर चाळीस माणसांचे जीव टांगायचे का? मला संताप आला, पण टॉर्चच पुढे झाला. म्हणाला, "माझी यंत्रं मी लावतोच आहे. पण भिंत खरंच ओळखीची असेल, तर ज्या दिवशी कधीच मोजलेलं नाही त्या दिवसाचा आकडा त्यांनी आधी सांगावा. बरोबर आला आणि माझ्या मोजमापाशी जुळला तर मी दालन उघडण्याच्या कागदावर सही करतो."

दिवस ठरला, पूलवाल्यांच्या परिषदेचा पहिला दिवस, ४ एप्रिल, दुपारी बारा. आकडा बंद पाकिटात पाठवायचा. बरोबर आला तर दुपारची बैठक दालनात. चुकला तर चाळीस माणसं सामान उचलून परत आणि किल्ल्याला कुलूप. परिषद रद्द कर म्हणून सगळे मागे लागलेत, मी केलेली नाही.

येशील का रे स्वतः?

भिंगरी

---

२ मार्च

चि. भिंगरीस,

येत नाही. गुडघ्याचं निमित्त नाही, तोंड दाखवायचा धीर नाही. आकडा बरोबर आला तर बघू.

सोबत दोन गोष्टी आहेत. एक बंद पाकीट, आकड्याचं. ते अध्यक्षांच्या हाती दे, तू उघडू नकोस. तुझा स्वभाव मला माहीत आहे. दुसरं, माझ्या जुन्या कॅटमधले वीस पत्ते. नवे पत्ते पातळ असतात, त्यांच्यावर भरवसा ठेवू नका. वहिनी वैतागली आहे, तिचा संध्याकाळचा डाव मोडला.

पत्ते जोरात ठासायचे नाहीत. बोटाने सारायचे. आपणहून जातील तेवढेच मोजायचे. त्या दिवशी ऊन आहे की ढग आहेत याची काळजी करू नका. भिंत फार जाड आहे, ती एका दिवसाचं ऊन मनावर घेत नाही, महिन्याचं घेते.

आकडा लिहिताना हात थांबला नाही, एवढं सांगतो.

दादा

---

५ एप्रिल

दादा, दादा, दादा!

कालच लिहिणार होते, पण पाहुण्यांतून सवडच मिळाली नाही. आता ऐक. वहिनीला शेजारी बसव आणि तिलाच मोठ्याने वाचायला सांग, म्हणजे शेजारच्या तिन्ही घरांत जाईल.

पूलवाले परवा संध्याकाळी आले. काल सकाळची बैठक भोजनगृहात घेतली, दोन पाळ्यांत. कोपरं एकमेकांना लागत होती. मी सरळ उभी राहून सांगितलं, "दालन बंद आहे. ते उघडेल की नाही हे बारा वाजता कळेल. न उघडलं तर तुमची गैरसोय माझ्या माथी." आणि भिंतीची हकिगत सांगितली. तुझी सगळी हकिगत. मला वाटलं, तक्रार करतील. दादा, दोन्ही पाळ्यांतले सगळेच्या सगळे उठले. म्हणाले, आम्हाला बघायचंय!

बाराच्या ठोक्याला आम्ही दालनात. टॉर्चने आधी सगळ्यांना समोरच्या भिंतीशी उभं केलं, सुरक्षिततेसाठी. अध्यक्ष पाकीट हातात धरून. आचारी हात पुसत दारात.

पत्ते टॉर्चने सारायचे ठरलं होतं. मी म्हटलं, नाही, मी सारणार. गवंड्याची बहीण आहे. गुडघे टेकून बसले. पाच गेले. आठ गेले. दहाव्याला कुणीतरी मोजू लागलं, मग सगळेच मोजू लागले. अकरा. बारा. तेरावा किलवरचा राजा होता, तो जरा अडखळला आणि गेला. चौदावा लावला. नाही गेला. मी हलकेच दुसऱ्या कोनातून लावला. नाही म्हणजे नाही.

टॉर्चने आपलं यंत्र वाचलं, पत्त्यांची जाडी मोजली, वहीत गुणाकार केला आणि म्हणाला, "जुळतंय. तेरा."

अध्यक्षांनी पाकीट फोडलं. त्यांनी ते वाचलं, चष्मा काढला, पुन्हा घातला आणि मोठ्याने वाचलं. "तेरा. चौदावा जाणार नाही, ढकलू नका."

दादा, दालनात असा गलका झाला की खिडक्यांच्या काचा थरथरल्या. आचाऱ्याने या वेळी खरोखर पळी वाजवली, मी माझ्या कानांनी ऐकली. टॉर्च मला मिठी मारणार होता, ऐन वेळी लाजला आणि कपाटाला मारली.

पण खरी गोष्ट पुढे आहे. त्या पूलवाल्यांत एक बाई आहेत, केस पांढरे, सगळे त्यांना मान देतात. त्या भेगेपाशी गेल्या, दोर बोटाने दाबून पाहिला आणि मागे वळून म्हणाल्या, "आम्ही जो जो पूल बांधतो त्यात असा सांधा ठेवतो. त्यासाठी आम्हाला शाळा लागते, पुस्तकं लागतात, पोलाद लागतं. या माणसाने तो तागात केला आणि वर ओरडा बसू नये म्हणून लपवला." मग अध्यक्षांना विचारलं, "तो इथे का नाही?"

अध्यक्षांनी माझ्याकडे बोट केलं. मी म्हटलं, "लाजतोय."

टॉर्चने तिथेच सही केली. पावणेदोन वाजता चाळीस खुर्च्या दालनात लागल्या, त्यातल्या निम्म्या इंजिनिअरांनी स्वतः उचलून आणल्या. पूलवाले पुढच्या वर्षीची तारीख ठरवूनच जाणार आहेत. ज्या विश्वस्तांनी म्हातारा गवंडी म्हटलं होतं त्यांनी काल दुपारी तीन वेळा चहा मागितला आणि तिन्ही वेळा मला "ताई" म्हणाले. कुलूप-बिलूप विसर आता. मी अजून किल्ल्याची व्यवस्थापक आहे आणि किल्ला उघडा आहे!

आता विश्वस्तांचा निरोप. ठराव झालाय. सांधा दर वर्षी नीट राखायला दोन गवंडी तयार करायचे आहेत, ते तू शिकवावेस. आणि भिंत पाहुण्यांना बरी दिसावी म्हणून पूर्वीसारखा लेप तूच द्यावास. तुला न्यायला माणूस पाठवतील. जिना अरुंद आहे हे मी सांगितलंय, तर टॉर्च म्हणतो, "मी त्यांना पाठीवर घेऊन चढतो."

येशील ना? आता तरी?

तुझी,
भिंगरी

---

१२ एप्रिल

चि. भिंगरीस,

वहिनीने पत्र वाचलं. दोनदा. दुसऱ्यांदा खिडकी उघडून. मी उठून स्वयंपाकघरात गेलो आणि उगाच पाणी पीत उभा राहिलो. एवढ्या वर्षांत तिच्यासमोर रडलो नव्हतो, त्या दिवशी तेही झालं.

येतो. पंचवीस तारखेला निघतो. तुझ्या टॉर्चला सांग, पाठीवर बसणार नाही. हळूहळू चढेन, हवं तर त्याने पुढे उजेड धरावा. गवंडी दोनच निवड, आणि हाताने काम करणारे निवड. वहिनीही येतेय. म्हणते, ज्या भिंतीने माझा नवरा एवढी वर्षं गप्प ठेवला ती मला बघू दे.

त्या पांढऱ्या केसांच्या बाईंना माझा नमस्कार सांग. त्यांना म्हणावं, सांधा सुचला तो आमच्या मिस्त्रींना. मी फक्त राखला. मिस्त्रींचं नाव कुठे लिहायचं असेल तर मी सांगेन.

आणि विश्वस्तांना कळव, दोर नवा बसवून देईन, मोजायला शिकवेन, पुढची तीस वर्षं काळजी नको असं काम करून देईन. पण लेप देणार नाही. वरून खालपर्यंत सांधा उघडा राहील. येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसू दे.

तुझा,
दादा